दोन कादंबऱ्यांचा एक मफलर

विणकाम आणि वाचन हे दोन्ही छंद एकाच माणसाला असले की भांडण वेळेवरून होतं. जेवणं झाली, ओटा आवरला, की जो दीड तास उरतो तो दोघांनाही हवा असतो. मग एक दिवस सुया, एक दिवस पुस्तक असं चालतं. कपाटात अर्धा स्वेटर पडून राहतो आणि उशाशी खूण घातलेली कादंबरी. माझं मत असं की हे दोन्ही एकाच खुर्चीत, एकाच वेळी, नीट करता येतं. त्यासाठी विणायचं काय आणि वाचायचं काय यांची जोडी आधी जमवावी लागते.

वाचनाला डोळे सतत लागतात, हात फक्त पान उलटण्यापुरते. विणकामाला हात सतत लागतात, पण डोळे किती लागतील हे विणीवर ठरतं. वेणीचा नमुना, जाळी, दोन रंगांची फुलं यांत दर चार टाक्यांनी खाली बघावं लागतं. ते काम पुस्तकासोबत घेऊ नये, टाकेही चुकतात आणि परिच्छेदही पुन्हा वाचावा लागतो. पुस्तकासोबत चालते ती नुसती सुलट वीण, म्हणजे जाताना सुलट आणि येतानाही सुलट. शिकताना हीच वीण सगळे आधी विणतात आणि मग कायमची सोडून देतात. खरं तर मफलर, शाल, बाळाची दुपटी यांना तिच्याइतकी गुणी वीण नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा गुंडाळत नाहीत, कापड जाड आणि लवचिक होतं.

एक ओळ सुलट आणि एक उलट अशी वीण वाचताना तितकी सोयीची नाही. उलट टाक्याला दोरा पुढे आणावा लागतो, सुईचं टोक शोधावं लागतं, आणि बहुतेकांचा उलट टाका सुलटापेक्षा थोडा सैल पडतो. एरवी तो फरक आपण नजरेने सांभाळतो, पण नजर पुस्तकात असली की ओळीआड पट्टे दिसू लागतात. टोपी विणायची असेल तर गोल सुईवर गोलातच विणावी. तिथे उलट टाका येतच नाही. फक्त सुरुवातीचा दीड-दोन इंच रिबचा, म्हणजे सुलट-उलट टाके आळीपाळीने घेतलेला भाग आणि शेवटचा टाके कमी करायचा भाग पुस्तक मिटून विणायचा.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिल्या मफलरसाठी डबल निट जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडे अजून जुनी ब्रिटिश मोजणी चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५ आणि ११ म्हणजे ३ मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यांतले नंबर नेमके उलटे चालतात, म्हणून नमुना कुठलाही असो, मिलिमीटरच बघावेत. लोकर फिकट आणि एकरंगी असू द्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत सुटलेला टाका दिवसाही सापडत नाही, रात्री दिव्याखाली तर विसराच. चार पदरी बारीक लोकर सुंदर दिसते, पण बोटांना तिचे टाके वेगवेगळे कळायला फार सराव लागतो.

आधी नमुन्याचा चौकोन विणायचा. २६ टाके घालून १३-१४ सेंटिमीटर उंचीपर्यंत नुसतं सुलट विणा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. या जाडीला साधारण २२ टाके येतात. ओळी मोजताना उंचवटे मोजायचे. या विणीत दोन ओळींचा एक उंचवटा होतो, आणि १० सेंटिमीटरमध्ये साधारण २० उंचवटे बसतात. तुमचे २४ टाके आले तर हात घट्ट आहे, ७ नंबरची सुई घ्या. २० आले तर ९ नंबरची. हा चौकोन पुस्तक समोर ठेवूनच विणावा, कारण वाचताना हात वेगळा पडतो. आणि खरं माप तेच असतं.

मफलरला ६० टाके घाला. २२ च्या हिशेबाने रुंदी २७ सेंटिमीटर येते. शेपूट ठेवून टाके घालत असाल तर एक मीटर दोरा सोडा. टाके घालताना एका नंबराने जाड सुई (८ ऐवजी ७) वापरली की सुरुवातीची कड आवळत नाही, मग नेहमीच्या सुईने पुढे जायचं.

आता थोडं गणित, कारण या जोडीची खरी गंमत त्यातच आहे. डेमी आकाराच्या मराठी कादंबरीच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द असतात. मिनिटाला दीडशे शब्दांच्या निवांत वेगाने एक पान पावणेदोन-दोन मिनिटांत होतं. सरावाच्या हाताने मिनिटाला ३० टाके पडले तर ६० टाक्यांची ओळही दोन मिनिटांची. म्हणजे एक पान, एक ओळ. ओळ संपते तेव्हा काम तसंही फिरवायचं असतं, हात मोकळे होतात, त्याच क्षणी पान उलटायचं. तीनशे पानांच्या कादंबरीत ३०० ओळी म्हणजे १५० उंचवटे, म्हणजे ७५ सेंटिमीटर. दोन कादंबऱ्यांत दीड मीटरचा मफलर. दोरा लागतो सुमारे ५०० मीटर, म्हणजे या जाडीच्या लोकरीत साधारण २५० ग्रॅम.

तुमचे आकडे वेगळे येतील. घड्याळ लावून पाच मिनिटांत किती टाके पडतात आणि किती पानं होतात ते एकदा बघा, आणि त्यावरून टाके ठरवा. मिनिटाला २० टाके पडत असतील तर ४० टाक्यांचा अरुंद मफलर घ्या, जोडी पुन्हा जुळते. दिवाळी अंकाचं पान मोठं आणि दोन रकान्यांचं असतं, तिथे पानाला दोन ओळी होतात. ओळ अर्धी असताना पान संपलं तर सरळ थांबायचं नाही. शेवटचं वाक्य मनात घोळवत ओळ पुरी करायची आणि मग उलटायचं. अर्ध्या ओळीत हात काढला की काय होतं ते पुढे येईलच.

न बघता विणणं

याचा बाऊ फार होतो. सुलट टाका बोटांना कळतो, त्यांना फक्त तशी संधी मिळत नाही. डाव्या हाताच्या तर्जनीने पुढचा टाका सुईच्या टोकाकडे ढकलायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. उजव्या सुईचं टोक त्या बोटाच्या पेराला घासत टाक्यात जातं, म्हणजे भोक शोधावं लागत नाही. विणून झालेला टाका सुईवरून उतरताना उजव्या अंगठ्याने मागचे टाके दाबून धरायचे. असे वीस टाके खिडकीबाहेर बघत विणा, मग खाली बघा. एकही चुकला नसेल तर पुस्तक उघडायला हरकत नाही. चुकत असेल तर काही दिवस बातम्या ऐकत, गप्पा मारत विणा. डोळे मोकळे ठेवायची सवय आधी तिथे लागते.

टाके टोकाच्या किती जवळ ठेवायचे यावर बरंच अवलंबून आहे. टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर पुढचे तीन-चार टाके असावेत. त्याहून मागे राहिले तर प्रत्येक टाक्याला ओढाताण होते, अगदी टोकाशी आले तर पान उलटताना दोन-तीन सहज गळतात. ॲल्युमिनियमच्या सुया गुळगुळीत, वेगवान, पण वाचणाऱ्याला थोड्या धोक्याच्या. बांबूच्या किंवा लाकडी सुया टाके धरून ठेवतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत मात्र घामेजल्या हातात बांबू चिकट होतो आणि ॲक्रिलिक त्यावर अडकतं. मेणकागदाने सुई चोळली की ती काही दिवस पुन्हा सरकते. हात धुऊन कोरडे करणं हा त्याहून सोपा उपाय, आणि पुस्तकाच्या पानांनाही तोच बरा.

आपल्याकडे अनेक जणी लांब सरळ सुया वापरतात आणि उजवी सुई काखेत धरतात. सुई स्थिर राहते, वेगही चांगला येतो. पण समोर पुस्तक असेल तर त्या सुया पानांवर आपटतात, आणि विणलेलं जसं वाढतं तसं त्याचं सगळं वजन मनगटावर येतं. वाचनासाठी ८० सेंटिमीटरची गोल सुई घ्यावी आणि तिच्यावर सरळच, पुढे-मागे विणावं. वजन मांडीवर पडतं, कोपर अंगाशी राहतात, सुई घरंगळून सोफ्याखाली जात नाही, आणि लोकलमध्ये शेजारणीच्या बरगडीत टोक जात नाही. गोल सुईची वायर नवी असताना कडक असते, कढत पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ओढून धरली की मऊ होते. जिथे वायर सुईला जोडते तो सांधा बोटाने तपासून घ्या. तो खरखरीत असेल तर प्रत्येक ओळीत टाके तिथे अडतील आणि प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागेल.

लोकरीचा गुंडा उभ्या स्टीलच्या डब्यात ठेवावा, तो घरभर फिरत नाही. लोकर लडीत आली असेल तर गुंडा करताना बोटांवरून सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आपल्या मूळ लांबीवर येते. मग लोकर वाईट निघाली म्हणून उगाच दुकानदाराला बोल लागतो. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर सारखा आहे हे दुकानातच बघा. दोन लॉटमधला रंगाचा फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, पाठीवर घेतलेल्या शालीत उन्हात दिसतो.

आता चुका. वाचता वाचता विणणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे उपायही ठरलेले.

सगळ्यात जास्त आढळणारी म्हणजे टाके आपोआप वाढणं. ६० होते, वीत-दीड वीत विणून झाल्यावर ६७ होतात आणि मफलर पंख्यासारखा पसरतो. कारण बहुधा ओळीच्या सुरुवातीला असतं. काम फिरवल्यावर दोरा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे सुईवर बसतात. नजर पुस्तकात असते, आपण दोन्ही विणतो, एक टाका वाढतो. यावर पक्का उपाय असा: प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणायचाच नाही. दोरा पुढे ठेवून, उलट विणताना सुई घालतो तशी घालून, तो टाका नुसता उजव्या सुईवर घ्यायचा. मग दोरा दोन सुयांच्या मधून मागे न्यायचा आणि पुढे सुलट विणायचं. दोऱ्याला चुकीच्या बाजूने जायला जागाच उरत नाही. शिवाय कडेला सुबक साखळी तयार होते, आणि तिच्या दोन ओळींमागे एक कडीने ओळी मोजता येतात.

मधेच टाका वाढत असेल तर दोन कारणं शोधा. एक, पान उलटताना दोरा उजव्या सुईवर आडवा पडला आणि पुढच्या ओळीत तोच टाका समजून विणला गेला. अशा ठिकाणी छोटं भोक दिसतं. दोन, लोकर सैल पिळाची आहे आणि सुई तिच्या पदरांमधून गेली, त्यामुळे एका टाक्याचे दोन झाले. स्वस्त ॲक्रिलिकमध्ये हे वारंवार होतं. अशा लोकरीला फार टोकदार सुई वापरू नये, बोथट टोकाची पदर फोडत नाही.

टाका गळला तर घाबरून पूर्ण काम सुईवरून काढू नका. तिथेच सेफ्टी पिन घालून टाका पकडा आणि परिच्छेद संपवा. तेवढ्याने काही बिघडत नाही. नंतर क्रोशाच्या सुईने तो वर न्यायचा. इथे मात्र नुसत्या सुलट विणीचा एक चकवा आहे. एक ओळ सुलट, एक उलट अशा कापडात गळलेला टाका एकाच बाजूने, समोरून, शिडीच्या एकेका पायरीतून वर काढला की झालं. नुसत्या सुलट विणीत एक पायरी समोरून घ्यायची आणि पुढची मागच्या बाजूने, आळीपाळीने. सगळ्या समोरूनच घेतल्या तर त्या जागी उंचवट्यांमध्ये एक सपाट उभी पट्टी उमटते. समोरून घ्यायची की मागून हे ओळखायला शेजारचा टाका बघा: त्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसली तर मागून, इंग्रजी व्हीसारखा आकार दिसला तर समोरून.

तिसरी चूक अर्ध्या ओळीत उठण्याची. बेल वाजते, दूध उतू जातं, काम तसंच ठेवलं जातं. परत बसल्यावर काम उलटं हातात येतं आणि आपण आलो त्याच वाटेने मागे विणत जातो. एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि मध्ये भोक पडतं. लक्षात ठेवायचं इतकंच की गुंड्याकडे जाणारा दोरा ज्या सुईच्या टोकाशी लटकतो, ती सुई उजव्या हातात.

हात घट्ट-सैल होणं हीही तक्रार असते आणि ती खरी आहे. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण आणि प्रवासवर्णनातला निवांत तुकडा यांची वीण सारखी येत नाही. फरक फार दिसत असेल तर धुतल्यावर बराचसा मिटतो. तरीही मिटत नसेल तर थरारक पुस्तकं झोपताना, सुयांशिवाय वाचावीत.

मोजणी बोटांवर किंवा डोक्यात ठेवू नका, ती पहिल्या संवादाबरोबर विसरते. दर दहाव्या उंचवट्यात एक छोटी सेफ्टी पिन अडकवा. दोन पिनांमध्ये २० ओळी. पिन लावायच्या वेळी ६० टाकेही मोजून घ्यायचे. सुईवर दर वीस टाक्यांनी वेगळ्या रंगाच्या लोकरीचं छोटं कडं सरकवून ठेवलं तर मोजणीला वीस सेकंद लागतात, आणि बोटाला कडं लागलं की ओळीत कुठवर आलो हे न बघता कळतं. अशी मोजणी केली की फार तर वीस ओळी उसवाव्या लागतात.

नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडायचा, मधे गाठ नको. शिल्लक दोरा कापडाच्या रुंदीच्या चौपट नसेल तर पुढची ओळ सुरू करू नका. टाके बंद करण्यासाठीही साधारण तेवढाच दोरा राखून ठेवावा.

पुस्तक उघडं कसं राहणार

याकडे विणणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं आणि मग प्रयोग दुसऱ्या दिवशी बंद पडतो. सध्याची बरीच कागदी बांधणीची पुस्तकं डिंकाने चिकटवलेली असतात, हात काढला की मिटतात. सक्तीने दाबून उघडली तर कणा मोडतो आणि मधली पानं सुटतात. नवं पुस्तक आधी सैल करून घ्यावं: कणा टेबलावर ठेवून दोन्ही पुठ्ठे आडवे करायचे, मग पुढून पाच-सहा पानं, मागून पाच-सहा पानं अशी थोडी थोडी दाबत मध्यापर्यंत यायचं. सार्वजनिक ग्रंथालयांतली पुन्हा बांधलेली जाड पुस्तकं सर्वांत त्रासाची. त्यांना बाजूने टाके घातलेले असतात, त्यामुळे आतला समास बांधणीत जातो आणि ओळींची टोकं दिसत नाहीत. असं पुस्तक हातात धरूनच वाचावं, विणकामासाठी दुसरं निवडावं. फॉर्म शिवून बांधलेलं पुस्तक मात्र सपाट पडतं. कण्याच्या वरच्या टोकाला बघितलं की पानांच्या घड्यांचे गठ्ठे दिसतात, त्यावरून ते ओळखता येतं.

स्टँडसाठी पैसे घालायची गरज नाही. पारायणाला पोथी ठेवतात तो कात्रीसारखा उघडणारा लाकडी स्टँड अनेक घरांत माळ्यावर असतो. तो चौरंगावर ठेवून खाली बसायचं, किंवा टेबलावर ठेवून खुर्चीत. पान डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरच्या आसपास आणि छातीच्या उंचीला हवं. पुस्तक मांडीवर ठेवलं तर मान आणि हात दोन्ही अवघडतात, आणि विणकामाला जागा उरत नाही. पानं धरायला दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे चालतात, पण दर पानाला ते काढावे लागतात. त्यापेक्षा ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी पानांच्या खालच्या भागावर आडवी ठेवून तिच्या टोकांना रबर लावावं. अक्षरं झाकली जात नाहीत आणि पान खालून सरकवून काढता येतं. अंगठ्याने ओढल्यावर कागद सुरकुततो असा जुना, ठिसूळ अंक असेल तर हे काहीच करू नका.

ई-पुस्तकं वाचायचं यंत्र असेल तर हे सगळे प्रश्न मिटतात. ते टेकवून ठेवायचं, बोटाच्या मागच्या सांध्याने स्पर्श करून पान पुढे न्यायचं, अक्षर मोठं करायचं. मराठीत वरच्या मात्रा-अनुस्वार आणि खालचे उकार यांमुळे बारीक टाइप लांबून वाचायला जड जातो, म्हणून विणताना नेहमीपेक्षा दोन पायऱ्या मोठा ठेवावा. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी मराठी पुस्तकं मोफत मिळतात. पण पीडीएफचं पान ठरावीक आकाराचं असतं, फोनवर ते सारखं सरकवावं लागतं, आणि सरकवायला हात मोकळे नसतात. पीडीएफ टॅबलेटवरच.

दिवा डाव्या खांद्यामागून, पण थोडा उंच. प्रकाश पुस्तकावर पडला तरी पुरे. खाली बघायची वेळ ओळीच्या शेवटीच येते. दुहेरी चश्मा असेल तर पुस्तक आणि विणकाम दोन्ही खालच्या भिंगातून दिसतील अशी उंची जमवा. तासभर सलग बसू नये. दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून मनगटं फिरवावीत आणि लांबवर बघावं. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर त्या दिवशी नुसतं वाचायचं.

कुठली पुस्तकं चालतात? संवाद भरपूर असलेली कादंबरी, आत्मचरित्र, पत्रसंग्रह, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्रं. तळटीपा आणि शब्दार्थ वारंवार उलटावे लागतात ती चालत नाहीत, म्हणून टीकेसह छापलेलं संतवाङ्मय बाजूला राहतं. कवितेला एक वेगळीच सोय आहे: एक कविता वाचायची आणि पुढची ओळ विणताना ती आठवायची. पाठ होते. विनोदी लेखन चालतं, पण हसताना डाव्या हाताचा अंगठा सुटतो एवढं ध्यानात असू द्या.

या जोडीला सर्वांत चांगला ऋतू दिवाळी ते संक्रांत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाचं वर्ष इथे एक वळण घेतं, आणि निफाड-नाशिककडे गारठाही याच सुमारास पडू लागतो. अनेक ग्रंथालयं थोडी जादा वर्गणी घेऊन अंकांची वेगळी योजना चालवतात. अंक लवकर परत करायचे असतात, त्यामुळे रोज बसणं होतं. कथा दहा-पंधरा पानांची असते, म्हणजे वीस-तीस ओळी, एका पिनेपासून दुसरीपर्यंत. जाड अंकाचा कणा चिकटवलेला असतो, त्याला वरची पट्टीची युक्ती. मध्ये पिना मारलेला पातळ अंक आपोआप उघडा राहतो.

वेणी, जाळी, स्वेटरचा गळा अशी नजर लागणारी कामं असतील तेव्हा वाचायचं कानाने. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं तेव्हापासून मराठी श्राव्य पुस्तकं भरपूर झाली आहेत. वेग सव्वापट करायचा मोह टाळावा. जाळीचे टाके मोजत असताना वाक्य निसटतं आणि फोन मागे न्यायला पुन्हा सुया ठेवाव्या लागतात. जाळीच्या कामात दर आठ-दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा दाभणाने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, टाके तिथे वाट बघत असतात.

लोकर आणि पुस्तकं एका कपाटात

पावसाळ्यात दोघांचे शत्रू एकाच कपाटात राहतात. पुस्तकांची चंदेरी कसर खळ, डिंक आणि कागद खाते. लोकरीला भोकं पाडते ती पतंगासारख्या छोट्या किड्याची अळी. शुद्ध लोकर तिचं अन्न आहे, ॲक्रिलिक नाही. अळी मळक्या, घामाच्या कपड्याकडे आधी जाते, म्हणून न धुतलेला स्वेटर कधीही ठेवू नये. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओलसर राहिला तर पुस्तकांना बुरशी येते. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका, काही बाळांना त्या वासाने गंभीर त्रास होऊ शकतो. कीड लागल्याची शंका आली तर लोकर असो वा पुस्तक, हवा काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचं आणि घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. थंड वस्तूवर हवेतलं पाणी जमतं, म्हणून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दिवसभर तशीच राहू द्यावी. उन्हं दाखवायची ती लोकरीला, पुस्तकं सावलीत उघडून ठेवावीत.

मफलर पुरा झाला की टाके एका नंबराने जाड सुईने बंद करा, म्हणजे शेवटची कड सुरुवातीच्या कडेइतकीच सैल राहील. दोऱ्याची टोकं दाभणाने उंचवट्यांच्या आतून पाच-सहा सेंटिमीटर एका दिशेला आणि थोडी उलट दिशेला ओवायची, गाठ मारायची नाही. शुद्ध लोकर कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड कायमचं आटतं. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. दोरीवर वाळत घातलं तर पाण्याच्या वजनाने मफलर हातभर लांबतो, म्हणून चटईवर सावलीत आडवा पसरायचा आणि ओला असतानाच पट्टीने २७ सेंटिमीटर रुंदी जुळवून घ्यायची. ॲक्रिलिकला इस्त्री दाखवायची नाही. तंतू वितळून चपटे होतात, कापडाचा सगळा ताण जातो आणि तो परत येत नाही.